आधी शू, मग ब्लीडिंग

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. पेडल पहिल्या दाबाला निम्म्याहून खाली जातं, लगेच पुन्हा दाबलं की वर येतं, आणि ब्रेक लागताना गाडी डावीकडे ओढते, असं तू लिहिलंयस. ब्लीडिंगची (ब्रेकच्या पाइपातली हवा काढण्याची) नळी आणि बाटली काढून ठेवली आहेस, ती तूर्त तशीच राहू दे. दुसऱ्या दाबाला वर येऊन कडक राहणारं पेडल बहुतेक वेळा हवेमुळे नसतं, ब्रेकचे शू (आतून दाबणाऱ्या कमानी) ड्रमपासून (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यापासून) लांब राहिल्यामुळे असतं. पहिल्या दाबातलं ऑइल शू ड्रमला टेकवण्यातच खर्च होतं. शू पूर्ण मागे येण्याआधी दुसरा दाब पडला की अंतर कमी उरतं. हवा असेल तर पेडल वर आल्यावरही पायाखाली स्पंजासारखं दबत राहतं.

कामाला लागण्याआधी जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लाव, गाडी स्टँडवर घे (नुसत्या जॅकवर कधीच नको), गिअर न्यूट्रलला ठेव. हँडब्रेक सोड आणि केबलचा नटही ढिला कर. केबल ताणलेली राहिली तर मागचे शू आपल्या जागी बसत नाहीत, आणि अॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा भाग) फिरवताना हाताला खोटा अंदाज येतो. पुढचं चाक वर-खाली धरून हलवून बघ. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर ड्रम डुगडुगतो आणि कितीही अॅडजस्ट केलंस तरी चाक एका जागी घासेल, दुसऱ्या जागी मोकळं फिरेल. तो खेळ आधी काढ.

आता बॅकप्लेटच्या (शू ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या) मागे बघ. चौकोनी टोक बाहेर आलेलं असेल तर आत पाचर आहे. ती पाव वळशागणिक खट्ट आवाज करून बसते, आणि तिला दोन खटक्यांच्या मध्ये सोडायचं नाही. टोकाला नेमका बसणारा चौकोनी पानाच वापर, नाहीतर कोपरे गोल होतील. पुढच्या चाकाला दोन अॅडजस्टर असतील तर बहुधा दोन्ही शू लीडिंग (ड्रमच्या फिरण्याने आणखी घट्ट दाबले जाणारे) आहेत. तिथे प्रत्येक शूचं कॅम (शूला बाहेर ढकलणारी फुगीर चकती) वेगळं लावायचं, एक पूर्ण झाल्यावरच दुसरं. खिडकीतून दातेरी चाक दिसलं तर ते स्क्रू ड्रायव्हरने दाता-दाताने फिरवायचं. सेल्फ अॅडजस्टर (अंतर आपोआप कमी करणारा) असेल तर उलट फिरवताना त्याचा लिव्हर पातळ सळईने बाजूला धरावा लागतो.

सगळ्या चाकांचे अॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळ. मग पेडल जोरात दाबून सोड, म्हणजे शू मध्यावर येतात. चाक पुन्हा सैल लागेल, परत आवळ. चारही चाकं जाम असताना पेडल दाबून बघ, ही पायरी चुकवू नकोस. पेडल उंच आणि दगडासारखं कडक लागलं तर हायड्रॉलिक (ऑइलने दाब पोचवणारी यंत्रणा) ठीक आहे, सगळी चाल शूच्या अंतरात जात होती. तरीही स्पंजासारखं लागलं तर हवा आहे किंवा जुना होज (रबरी नळी) फुगतोय. सतत दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर बाहेर गळती शोध; ती नसेल तर मास्टर सिलिंडरचं (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबर आतून ऑइल सोडतंय. एवढ्या एका चाचणीने अर्धा दिवस वाचतो.

त्यानंतर प्रत्येक अॅडजस्टर चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे घे. चाक पुढच्या दिशेने फिरवून तपास. हलकी सुरसुर चालेल, हाताला अडणारी ओढ नको. मागच्या चाकांना डिफरन्शियलची (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरची) ओढ असतेच, ती ब्रेकची समजू नकोस. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी लावायची. केबल आवळून शूचं अंतर झाकू नये.

आता डावीकडे ओढण्याबद्दल. गाडी डावीकडे जाते म्हणजे उजवा ब्रेक कमी पडत असण्याची शक्यता तेवढीच मोठी आहे, म्हणून पुढचे दोन्ही ड्रम उघड. ड्रम निघत नसेल तर अॅडजस्टर पूर्ण मागे घे, कारण ड्रमच्या आतल्या कडेला झिजेची पाळ तयार झालेली असते आणि शू तिला अडकतात. कडेवर हातोडा मारू नकोस, ओतीव लोखंड तडकतं. आतली धूळ हवेने उडवू नकोस. जुन्या लायनिंगमध्ये (शूवरच्या घासपट्टीमध्ये) अॅस्बेस्टॉस असू शकतं. चांगला मास्क लाव, ब्रेक क्लीनरने भिजवून धूळ ओलीच पूस.

व्हील सिलिंडरचं (चाकातल्या, शू ढकलणाऱ्या सिलिंडरचं) रबरी टोपण हळूच उचल. आत ओल दिसली तर सिलिंडर गेलाच. पिस्टन गंजून अडकला असेल तर एकच शू काम करत असतो. लायनिंगला ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर पेट्रोलने धुण्यात वेळ घालवू नकोस, ते आत मुरलेलं असतं. गळती थांबव आणि त्या अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू बदल, एकाच बाजूचे बदललेस की ओढ कायम राहील. रिव्हेटचं लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजू देऊ नये, नाहीतर ड्रमवर चर पडतात. बहुतेक ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम वापरायचा नाही. खोलताना एक बाजू शाबूत ठेव, स्प्रिंगा कशा होत्या ते तिच्यावरून कळतं. ड्युओ-सर्व्हो रचनेत (जिथे एक शू दुसऱ्याला ढकलतो) लहान लायनिंगचा शू पुढे, मोठ्या लायनिंगचा मागे. उजव्या-डाव्या दातेरी चाकांचे आटे उलट असतात, त्यांची अदलाबदल झाली तर सेल्फ अॅडजस्टर शू आवळण्याऐवजी सैल करत जातो.

शू बॅकप्लेटवर जिथे घासतो त्या उंचवट्यांवर ब्रेकच्या ग्रीसचा पातळ थर दे. सिलिंडरच्या रबराला मात्र फक्त रबर ग्रीस, खनिज तेलाने ते फुगतं.

चालवल्यावर एखादं चाक गरम राहून अडत असेल तर त्याचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित उघड. चाक सुटलं नाही तर दोष स्प्रिंग, केबल किंवा जाम अॅडजस्टरचा. सुटलं तर दाब कुठेतरी अडकला होता. पुढच्या वेळी अडेल तेव्हा मास्टर सिलिंडरचा पाइप-नट ढिला करून बघ. तिथे सुटलं तर पुशरॉडला (पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे जाणाऱ्या दांडीला) मोकळीक नाही आणि ऑइलच्या परतीचं भोक झाकलेलं राहतंय. तरीही नाही सुटलं तर होज आतून सुजलाय. बाहेरून तो अगदी नवा दिसतो, त्यावर जाऊ नकोस.

शू नवे घातलेस तर लायनिंगचे उंचवटे झिजल्यावर पेडल पुन्हा थोडं खाली येईल, तेव्हा एकदा परत अॅडजस्ट कर. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, अगदी कमी वेगात घे. पुढचा उजवा ड्रम उघडलास की लायनिंग कोरडं आहे का आणि दोन्ही पिस्टन हलतात का, तेवढं मला आधी कळव.

तुझा,
मित्र