सुध्या, तुझ्या आठ तासांचं गणित

हाउन्स्लो, लंडन
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून वहिनींची कीव आली. डिसेंबरात लेकीकडे यायचं ठरलं, तर तू बॅगा भरायच्या आधी गणित मांडून बसलास: मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे आठ तास, मग तिकिटावर दहा तास का? अरे, जन्मभर पोरांना नाव आणि प्रवाहाची उदाहरणं घातलीस ना?

इथे प्रवाह वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत जरा जोरातच. ताशी १०० धर. इकडे येताना वेग उरला ८००, म्हणजे नऊ तास. परत जाताना १,०००, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. बेरीज १६ तास १२ मिनिटं. वारा नसता तर सोळाच. वरची १२ मिनिटं कुठे गेली, ते तू मला सांगू नकोस, वहिनींना समजावून सांग!

शिवाय ते ७,२०० म्हणजे पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा. शाळेतला गोल काढ आणि लावून बघ: बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी. त्या वाटेनं आज जाऊ देतंय कोण? युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद. पाकिस्ताननं यंदाच्या एप्रिलपासून भारतीय विमानांची वाट अडवलीय. तुमचं विमान भारतीय कंपनीचं, तेव्हा अरबी समुद्रावरून वळसा आलाच.

पण लांबची वाट उशिराचीच असते असंही नाही हं. २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढून १५,३०० झालं, तरी वारा पाठीशी असल्यानं साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर. मला तर हा प्रकार जाम आवडला.

तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचा वेळही धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. नंबर लागेपर्यंत बसा. हीथ्रोवर गर्दी असली की उतरण्याआधी आकाशात घिरट्या.

डिसेंबरात आपल्यात साडेपाच तासांचा फरक. दुपारी एकला निघून दहा तासांनी उतरलात, तर इथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. साताऱ्याहून मात्र आदल्या दिवशीच निघा. खंबाटकी घाट आणि एक्सप्रेसवे यांच्यासाठी सूत्र नाही, आणि विमानतळावर तीन तास आधी पोचायचंय.

फ्लाइट नंबर कळव, मी घ्यायला येतो. वहिनींना म्हणावं, लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या पिशवीत ठेवलीत तर तपासणीत काढून घेतील.

तुझा,
दिलीप