निनादच्या बॅगेतल्या त्या वस्तूबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं, तर आई पहिल्याच वाक्याला घाबरली असती आणि पुढचं कोणी ऐकलं नसतं. म्हणून लिहितेय. पत्र दोघांनी मिळून वाचा, आणि बाबा, मोठ्याने वाचा.

निनाद सुट्टीला येईल तेव्हा त्याच्या बॅगेत एक बटरफ्लाय नाइफ असेल. त्याला धार नाही, टोकही नाही. पात्याच्या जागी बोथट पट्टी आहे, तिला भोकं पाडलेली आहेत आणि पुढचा भाग गोल आहे. याला ट्रेनर म्हणतात. दोन हँडल एका पट्टीभोवती फिरतात आणि ती बोटांतून खेळवत उघडायची, मिटायची, हा सगळा खेळ. मी त्याला परवानगी दिली आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण चौदा वर्षांच्या मुलाला नुसतं "नाही" म्हटलं असतं, तर त्याने कोणाकडून तरी धारेचा घेऊन दार लावून सराव केला असता. त्यापेक्षा बिनधारेचा, आपल्या डोळ्यांसमोर, ठरलेल्या नियमांनी केलेला बरा. मामाच्या अंगठ्याचं आई काढणार, ठाऊक आहे मला. तेव्हा कोणी काही शिकवलंच नव्हतं, एवढंच म्हणते.

बाबा, हा प्रकार मूळचा फिलिपिन्सचा. तिथे याला बालिसाँग म्हणतात आणि बातांगास प्रांतातलं ताल हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. एका हाताने उघडता-मिटता येणारा कामाचा चाकू म्हणून तो तिथे रुळला. दुसरा हात कामात गुंतलेला असताना हीच सोय. अशा धारेच्या चाकूवर ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनीत बंदी आहे. बिनधारेचा बऱ्याच ठिकाणी चालतो, पण सगळीकडे नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून ट्रेनर घराच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. अंगणातसुद्धा नाही.

आता नीट लक्ष द्या. सगळ्यात मोठा नियम एकच: हातातून सुटला की पडू द्यायचा. झेलायला जायचं नाही. सुटलेली वस्तू पकडायला हात आपोआप पुढे होतो, आणि पुढे कधी धारेचं पातं हाती आलं तर हीच सवय बोटं कापते. म्हणून पहिले दोन दिवस निनादने फक्त सोडायचा सराव केला: हातातून मुद्दाम सोडायचा, हात छातीशी घ्यायचे, एक पाऊल मागे. वीस-पंचवीस वेळा. आई, माझ्या हातातून काही निसटलं की जमिनीला लागायच्या आत तुझा हात खाली असायचा. आजही असतो. पण याच्या बाबतीत नको गं. तो पडला की खणकन आवाज होईल, होऊ दे. तू जागची हलू नकोस.

पायावर पडू नये म्हणून बंद बूट घालूनच सराव. पलंगाच्या कडेला उभं राहून, हात गादीच्या वर ठेवून करायचा, म्हणजे सुटला तरी गादीवर पडतो. फरशीवर सारखा आपटला की हँडलची टोकं चेपतात, कडा खरबरीत होतात आणि मग त्या कडाच बोटांना ओरखडे काढतात. तशी कड दिसली तर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यायची. जाड गोधडी दुहेरी करून खाली अंथरली तरी चालेल. गुडघ्यांसाठीची तुझी नवी गादी त्याला द्यायची नाही, मी त्याला बजावलंय.

दोन हँडलमधलं एक धरायचं, दुसरं कधीच नाही, हे तुम्हाला दोघांनाही माहीत हवं. खऱ्या चाकूत मिटल्यावर धार एका हँडलच्या खाचेत जाते आणि पात्याची बोथट पाठ दुसऱ्याच्या. पाठ जिच्यात बसते ते सेफ हँडल. ते धरलं की पातं फिरून बोटांच्या मागच्या हाडांवर आलं तरी पाठ लागते. दुसरं म्हणजे बाइट हँडल. ते धरलं की तीच जागा धारेखाली येते. ट्रेनरमध्ये धार नसल्यामुळे चूक झाली तरी कळत नाही, आणि न कळलेली चूक हाताच्या अंगवळणी पडते. म्हणून बाइट हँडलच्या टोकाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. लॅच, म्हणजे दोन्ही हँडल अडकवणारी छोटी कडी, बहुतेकदा बाइट हँडललाच असते, पण काही बनावटींत उलट असतं, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. त्याच्या ट्रेनरची लॅच काढूनच टाकली आहे. फिरताना ती मध्येच येऊन हँडल अडवते आणि बोटांवर आपटते.

बाबा, तो आधी काय करतोय ते पाहायला तुम्हाला आवडेल, म्हणून साध्या उघडण्याबद्दल लिहिते. ट्रेनर मिटलेला, बिजागरीची बाजू वर. सेफ हँडल मधोमध, बिजागरीपासून निदान दोन बोटं खाली धरायचं: एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं. बिजागरीजवळ धरलं तर पट्टी तर्जनीवर आपटते, फार खाली धरलं तर वजन ओढून नेतं. मनगट पुढे झटकलं की बाइट हँडल आणि पट्टी वरून फिरून बोटांच्या पाठीवर येतात. आता पकड किंचित सैल करून अंगठ्याने सेफ हँडल अर्धा वेढा फिरवायचं. मग मनगट उलट दिशेने, आणि बाइट हँडल फिरून सेफ हँडलला येऊन भिडतं. मिटायचं ते याच्या उलट क्रमाने.

नव्या माणसाचं चुकतं ते मधल्या अर्ध्या वेढ्यात. तो राहिला की हँडल जोडीला भिडायच्या ऐवजी बोटांवर येतं. आणि घाई केली की दोन हँडलच्या मध्ये अंगठ्याजवळच्या कातडीला चिमटा बसतो, तो फार झोंबतो. म्हणून पहिला आठवडा झटका नाहीच: दुसऱ्या हाताने हँडल हळूहळू फिरवत नुसता मार्ग पाहायचा. त्यानंतर उघड-मीट, रोज. बोटाभोवती फिरवण्याचे प्रकार नंतर. हवेत उडवून पकडायचं यंदा नाही. ते करताना दिसला तर ट्रेनर काढून घ्या, माझी पूर्ण परवानगी आहे.

एकावेळी पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर मनगट थकतं, तळहाताला घाम येतो आणि चुका वाढतात. हात आधी धुऊन कोरडे. तेल किंवा क्रीम लावलेले हात तर नकोतच. मोबाइलवर शूटिंग करत सराव नाही, कारण लक्ष पडद्याकडे जातं. डोळ्यांना पारदर्शक गॉगल. आणि त्याच्या भोवती दोन मीटर कोणी नाही. आई, त्याच्या मागून जाऊन पाठीवर हात ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे, माझ्याही पाठीला ती ठाऊक आहे. पण ती पंधरा मिनिटं दारातूनच हाक मार.

आवाजाची काळजी करू नका. धातूवर धातू आपटून टकटक होते, ती कानाला बोचते. म्हणून दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर सराव नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तुमच्या झोपेला धक्का लागणार नाही. तो मागच्या खोलीत करेल. तिथला पंखा तेवढा दुरुस्त करून घ्या, घामाचं म्हटलंच आहे मी वर.

रोज सुरुवात करण्याआधी त्याने तुम्हाला ट्रेनर दाखवायचा, बाबा. तुम्ही फक्त दोन गोष्टी पाहा. एक हँडल धरून हलक्या हाताने हलवा; दुसरं आडवं लचकत असेल किंवा स्क्रू बाहेर आलेला दिसत असेल, तर त्या दिवशी सराव बंद. सारखं आपटून स्क्रू सैल होतात. मग हँडल वाकडं फिरतं, पट्टीला घासतं, आणि शेवटी स्क्रू निघून हँडल उडतं. घट्ट करायला चांदणीच्या तोंडाचा पाना त्याच्या डबीत आहे, साधा स्क्रूड्रायव्हर वापरू नका, खाच झिजते. स्क्रू काढून, पुसून, आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंकासारखा द्रव), तेही टाचणीच्या डोक्याएवढं. लाल नाही, ते पुढे सहज सुटत नाही. बिजागरीत ते उतरू द्यायचं नाही, आणि लावल्यावर २४ तास तसंच ठेवायचं. हँडल स्वतःच्या वजनाने सुळकन खाली पडलं पाहिजे. फार आवळलं की ते अडतं आणि मुलगा जोर लावतो. जोर लावला की सुटतो. बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब, मग हँडल कोरड्या फडक्याने पुसायचं. खायचं तेल नको, ते चिकट होतं.

लागणार हे मी लपवत नाही. बोथट पट्टीसुद्धा हाडावर बसली की काळंनिळं होतं. थंड पॅक फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, एवढं पुरतं. पण बोटाचं शेवटचं पेर खाली झुकलं आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर तो मुका मार समजू नका, आतला स्नायुबंध तुटलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्याला काहीही लागलं तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, लगेच डॉक्टर.

आणि बाबा, तुम्हाला स्वतःला करून पाहावंसं वाटेल. माझ्या कंपासपेटीतला कर्कटक बोटांवर फिरवून दाखवणारे तुम्ही, वाटणारच. पण तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, साध्या टपलीनेही तुमचा हात जांभळा होईल. हातात घ्या, पाहा, खुर्चीत बसून हळू उघडा-मिटा, झटका मात्र मारू नका. रागावू नका. आई, त्यांच्याकडे लक्ष ठेव.

सराव झाला की ट्रेनर डबीत, डबी बाबांच्या कपाटात वरच्या कप्प्यात. किल्ली बाबांकडे. त्याला धार लावून बघू या का, असं निनाद विचारेल, मला दोनदा विचारून झालंय. नाही म्हणा. धारेचा चाकू सज्ञान होईपर्यंत नाही, आणि तेव्हाही त्याने पुन्हा मला विचारायचं.

दुसऱ्या खोलीतून टकटक ऐकू आली की आईच्या छातीत धस्स होईल, हे लिहितानाही मला दिसतंय. पहिल्या दिवशी दारात खुर्ची टाकून बस, सगळं बघ. नाहीच पटलं, तर मला फोन कर, मी त्याला उरलेली सुट्टी डबी बंद ठेवायला सांगेन. तो ऐकेल, तसं आमचं ठरलंय.

बाबा, शुक्रवारी रक्ततपासणी आहे, उपाशीपोटी जा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नकोस, लाव.

तुमची,
छकुली