रविवारची फुलांची कार्डं, काय आणायचं ते वाचा
मंडळी, रविवारी ३ वाजता फोंड्याला नेहमीच्याच जागी, चवथीची कार्डं करायचीत, आबोली नि जास्वंदाचे स्टॅम्प माझ्याकडे आहेत. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) वॉटरकलरवालाच आणा, पातळ कागद पाणी लागलं की वाकतो. एम्बॉसिंग (ओल्या शाईच्या ठशावर पावडर टाकून ती तापवून वितळवायची, म्हणजे नक्षी उठून दिसते) करणाऱ्यांनी पिगमेंट इंक (हळू सुकणारी शाई) आणायची, डाय इंक पटकन सुकते मग पावडर चिकटतच नाही, आणि ह्या पावसाळी दमट हवेत पिगमेंट सुकायला जाम वेळ लागतो म्हणून हीट गन कोणाकडे असेल तर प्लीज सांगा (हेअर ड्रायर नको, पावडर वितळायच्या आधी उडूनच जाते). पाकळ्यांच्या फिकट छटांना डाय इंक आणि ओला ब्रश बास. ग्लिटर कृपया घरीच ठेवा!! येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवा.