फौजी स्टिअरिंगवर बसतो तेव्हा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. आमच्याकडे घरटी फौजी, त्यामुळे पेन्शनीत आलेले जवानही येतात. गाडी त्यांना येतेच. लष्करी परवान्यावरून नागरी परवानाही निघतो. अडचण वेगळीच असते. सगळ्यांची नाही, पण असते.

गेल्या गळीत हंगामात एक निवृत्त हवालदार कोरेगाव रोडला चालवत होते. कडेला सिमेंटची रिकामी गोणी पडलेली. चकार शब्द न काढता त्यांनी गाडी उजवीकडे घातली. समोरून उसाचा ट्रॅक्टर! ड्युअल कंट्रोलचा ब्रेक माझ्या पायाखाली होता म्हणून निभावलं. नंतर म्हणाले, "मास्तर, गोणीखाली काय असेल सांगता येतं का?"

काश्मिरात त्यांचं बरोबरच होतं. कडेच्या वस्तूपासून लांब राहायचं, ताफ्यात कुणाला घुसू द्यायचं नाही. १४ फेब्रुवारी २०१९ला पुलवामात स्फोटकांनी भरलेली गाडी बसला भिडली, सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्याच वर्षी १ मेला गडचिरोलीत जांभुरखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात आपले १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेला. अशा रस्त्यांवर वर्षं काढलेल्या माणसाचे हात सेवापुस्तक बंद झालं म्हणून बदलत नाहीत.

इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचं हेच झालं. तिथे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमवून देणारे तज्ज्ञ, आधी नजर, लक्ष, प्रतिसादाचा वेग तपासतात, मग गाडीत शेजारी बसतात. आधी मोकळा रस्ता, मग गर्दीचा, मग उड्डाणपुलाखालचा. छाती कुठे धडधडायला लागते ते त्या माणसालाच ओळखायला शिकवतात. आपला फॉर्म १, म्हणजे परवान्यासाठी प्रकृतीबद्दल स्वतःच भरून द्यायचा कागद, फिट येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, असंच काही विचारून मोकळा होतो.

आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. देशातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्येच सुरू केलं. हातपाय गमावलेल्या जवानांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. मी सांगतोय त्यांचे हातपाय शाबूत आहेत. त्यांना कुठे पाठवू?

सैनिक कल्याण आणि गृह विभागाला बरोबर घेऊन पुण्यात एक केंद्र काढा. दुसरं नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. तिथे ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात, आणि गडचिरोलीच्या पोलिसांना ते त्यातल्या त्यात जवळ.

अट एकच. तपासणीचा कागद आरटीओकडे किंवा मालकाकडे जाता कामा नये. स्कूल बसची नोकरी जाईल म्हटल्यावर एकही फौजी तोंड उघडणार नाही, आणि तोच माणूस रोज पोरं घेऊन रस्त्यावर असेल. ज्याने तूर्त चालवू नये, त्याला थेरपिस्टने समोर बसवून सांगावं. तेवढं फौजी ऐकतो.

ड्युअल कंट्रोलच्या गाड्या आम्हा स्कूलवाल्यांकडे आहेत, हवं तर वापरा. शेजारी बसणारा थेरपिस्ट तेवढा द्या.

आपला नम्र,
एक ड्रायव्हिंग स्कूलचालक, सातारा