ॲरनच्या किनाऱ्यावर भेटलेल्यांचे मनापासून आभार

स्कॉटलंडमधल्या ॲरन बेटावर एप्रिलमध्ये आईला घेऊन लॉकरान्झाहून सॅनॉक्सपर्यंत किनाऱ्याने चाललो. तिचा दिवस सुखाचा गेला तो अनोळखी माणसांमुळे, म्हणून हे लिहितेय.

गाव सोडल्यावर थोड्याच अंतरावर, भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटनने 1787 मध्ये पाहिलेले खडक आहेत. तिथे एका बाईंनी खाली बसून, तिरके जुने थर आणि त्यांवर वेगळ्याच कलाने बसलेला वाळूचा खडक आईला बोटाने दाखवला. दोन्हींच्या मधे केवढा काळ गेला असेल, हे आईला भाषेशिवाय कळलं!

पुढे ॲन स्क्रिओडनला कडा कोसळून पडलेले घराएवढे धोंडे आहेत. सत्तरीतली आई तिथे थबकली. मागून येणाऱ्या आजी-आजोबांनी आपली काठी तिच्या हातात दिली. आजोबा पुढे, आजी मागे, "इथे पाय, आता इथे" असं खुणेने सांगत त्यांनी तिला पार नेलं. पलीकडे पिवळ्या प्रिमरोझच्या ताटव्याशी बसून तिघांनी आमचे तिळाचे लाडू खाल्ले. काठी परत घेईनात. मुक्कामापर्यंत राहू द्या म्हणाले.

सॅनॉक्सच्या ओढ्यातल्या दगडांवरून आईला हात देणारा मुलगा आणि आम्हाला लांबून येताना बघून बस थांबवून धरणारे ड्रायव्हरदादा, तुमचेही खूप आभार.

आजी-आजोबा, तुमचं नाव विचारायचं राहिलं. आई रोज तुमची आठवण काढते.