रिकामी गव्हाण

डब्लिन,
२८ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस सविनय साष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. बाबा, "तुमच्या शाळेत महिनाभर नाताळच चाललेला असतो का?" असे तुम्ही मागे फोनवर विचारले होते, पण तेव्हा कामावर निघण्याची वेळ झाल्यामुळे उत्तर अर्धेच राहिले. १९ तारखेला शाळेला सुट्टी लागली आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

मी वर्गसहायिका आहे ती आमची शाळा कॅथलिक. खरे तर डिसेंबरात तिथे नाताळ नसतो, आगमनकाळ असतो. बाजारपेठेतला नाताळ नोव्हेंबरातच सुरू होतो, परंतु कॅथलिक परंपरेत २४ तारखेच्या रात्रीपर्यंत येशूजन्माची वाट पाहायची असते आणि त्या चार आठवड्यांत मुलांना मुख्यतः तेवढेच शिकवले जाते. मिरजेला मिशन हॉस्पिटलच्या बाजूला नाताळच्या चांदण्या आणि रोषणाई आपण दरवर्षी पाहत असू, पण त्या सणामागे असा स्वतंत्र काळ असतो हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हते.

नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी हा काळ सुरू होतो. यंदा तो दिवस ३० नोव्हेंबर होता. चर्चचे नवे वर्षही त्याच दिवशी लागते. या आठवड्यांत धर्मगुरू जांभळी वस्त्रे घालतात आणि एरवी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीत, असणारे ग्लोरिया हे स्तोत्र वगळतात, कारण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूच्या जन्मरात्री देवदूतांनी मेंढपाळांसमोर जे स्तवन केले त्याच शब्दांनी ते सुरू होते, आणि ते शब्द त्या रात्रीसाठी राखून ठेवायचे असतात. आई, तुझ्या चातुर्मासातल्या सोडलेल्या पदार्थांची मला आठवण झाली; फरक इतकाच की हा नेम एकट्यादुकट्याचा नसून साऱ्या शाळेचा असतो.

प्रत्येक वर्गात सदाहरित डहाळ्यांचे एक कडे ठेवतात आणि त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या व एक गुलाबी, बसवतात. दर आठवड्याला एक मेणबत्ती वाढते. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची, म्हणजे प्रतीक्षा अर्ध्याहून अधिक सरल्याच्या आनंदाची. ही प्रथा मूळची कॅथलिक नाही. १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिक व्हिखर्न या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने आपल्या आश्रयगृहातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळला किती दिवस उरले हे ती मुले रोज विचारत असत. पुढे विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ती आपलीशी केली. डिसेंबरात इथे सूर्य साडेआठच्या आसपास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सकाळी मुले वर्गात येतात तेव्हा बाहेर जेमतेम उजाडलेले असते. अशा वेळी पहिल्या आठवड्यात दिवे मालवून शिक्षिका एकच मेणबत्ती लावतात, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या दोनचार ओळी वाचतात, आणि एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी सहा वर्षांची मुले त्या ज्योतीकडे पाहत राहतात. यंदा चौथा रविवार सुट्टीत आला, त्यामुळे शाळेतली चौथी मेणबत्ती न लावताच राहिली. एका मुलीने ती शेवटच्या दिवशीच लावून टाकण्याचा आग्रह धरला होता. शिक्षिकांनी तिला शांतपणे सांगितले की तिची वेळ अजून आलेली नाही, तू ती रविवारी चर्चमध्ये पाहा. मला त्यांचे म्हणणे फार पटले.

शाळेच्या प्रवेशद्वाराशी येशूजन्माचा देखावा मांडतात. इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणून हे दृश्य उभे केले, आणि तेव्हापासून गोठा मांडण्याची ही रीत सर्वत्र पसरली. आमच्या गोठ्यात येशूची आई मरिया आहे, तिचा पती योसेफ आहे, मेंढपाळ आहेत, गव्हाण मात्र रिकामी असते. शेजारी टोपलीत गवताच्या काड्या ठेवलेल्या असतात. कोणाला न सांगता एखादे चांगले काम केले की मुलाने एक काडी गव्हाणीत टाकायची, म्हणजे बाळ येईल तेव्हा त्याचे अंथरूण मऊ झालेले असेल. काय केले हे विचारायचे नाही आणि सांगायचेही नाही. बाळ येशूच्या दर्शनाला येणाऱ्या पूर्वेकडच्या तीन ज्ञानी पुरुषांच्या मूर्ती लांबच्या खिडकीत असतात. त्या रोज थोड्या पुढे सरकवतात, पण ६ जानेवारीपर्यंत त्यांनी पोहोचायचे नसते.

आता ज्यासाठी हे पत्र मुद्दाम लिहायला बसले ते सांगते. गोठ्याजवळच एक झाड असते, पण त्यावर शोभेच्या वस्तू नसून कागदी चिठ्ठ्या लटकवलेल्या असतात. 'मुलगा, वय ९' किंवा 'मुलगी, वय ४' इतकेच त्यावर लिहिलेले असते. नाव नाही, पत्ता नाही, अडचण कोणती तेही नाही. ज्याला शक्य असेल त्याने एक चिठ्ठी काढून न्यायची आणि त्या वयाला साजेशी नवी वस्तू आणून ठेवायची. पुढचे काम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी करते. ही संस्था फ्रेडरिक ओझानम या तरुण विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केली आणि १८४४ पासून ती आयर्लंडात आहे. मी पहिल्यांदा भेट घेऊन गेले तेव्हा ती चकचकीत कागदात बांधून, फीत लावून नेली होती, आणि तिथल्या बाईंनी मला फार आदराने समजावले की भेटी उघड्याच आणायच्या असतात. आईवडिलांनी ती वस्तू आधी पाहावी, आपल्या हाताने कागदात बांधावी आणि आपल्या लेकराला आपणच द्यावी. मुलाला ती आईबापांकडून मिळाली पाहिजे, आपल्याकडून नव्हे. त्या घरांपैकी काही आमच्याच शाळेतली असतील. वर्गात कोणाच्या घरी हे पोहोचले हे मला कळत नाही, कोणालाच कळत नाही, आणि सारी व्यवस्था मुळात त्यासाठीच आहे. बाबा, दान कसे करावे याविषयी मी इतके काळजीपूर्वक रचलेले दुसरे काही आजवर पाहिलेले नाही.

लहान वर्गांच्या येशूजन्माच्या नाटकाविषयी आईला उत्सुकता असेल. आमच्या शाळेत केरळ, फिलिपिन्स, पोलंड, नायजेरिया, ब्राझील अशा कितीतरी ठिकाणांहून आलेल्या घरांतली मुले आहेत, त्यामुळे यंदाची मरिया मल्याळी, योसेफ आयरिश आणि मेंढरे सर्व खंडांतली होती. ज्या मुलाची मी वर्गसहायिका आहे त्याला गोंगाट अजिबात सहन होत नाही. त्याच्यासाठी सर्वांनी टाळ्या न वाजवता हात हवेत हलवायचे ठरवले, आणि तो अखेरपर्यंत तारा धरून उभा राहिला. नाटकानंतर एका पोलिश आजीबाईंनी मला त्यांच्याकडची रीत सांगितली: २४ तारखेच्या रात्री जेवणाच्या मेजावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडलेले असते.

आम्ही हिंदू आहोत हे शाळेत सर्वांना माहीत आहे. धर्मशिक्षणाच्या तासाला न बसता शाळेत शिकण्याचा मुलांचा हक्क इथल्या राज्यघटनेने मान्य केलेला आहे, पण आमच्या मुलांसाठी आम्ही तो वापरला नाही. धाकटीने घरी देवापुढे समई लावताना खिडकीतही एक दिवा ठेवला, कारण नाताळच्या आदल्या रात्री मरिया आणि योसेफ यांना वाट दिसावी म्हणून इथे घराघरांच्या खिडकीत दिवा लावतात. त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांबरोबर मिस्सेला गेलो. चार आठवडे थांबवलेले ग्लोरिया घंटानादासह सुरू झाले तेव्हा सारे सभागृह मोठ्याने गात होते, आणि ते का गात आहेत हे मला या वर्षी पहिल्यांदा नीट समजले.

आई, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आपल्या घरात पाणी शिरले होते, तेव्हा धान्याचे पाकीट घेताना फोटोसाठी थांबावे लागले होते आणि तू पदर पुढे ओढून मान खाली घातली होतीस. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांना बोल लावावा असे मला वाटत नाही. पण त्या उघड्या खेळण्यांच्या टेबलापाशी मला तूच दिसत होतीस. बाबा, तुमचे निवृत्त शिक्षकांचे मंडळ दर जूनमध्ये मुलांना वह्या आणि गणवेश देते, तेव्हा एकेका मुलाचे नाव पुकारून त्याला व्यासपीठावर बोलावतात. तुमच्यापुढे मी लहान आहे, तरीही विनंती करते की येत्या जूनमध्ये ते सामान पालकांना आधीच घरी नेऊन द्यावे, आणि मुलांनी ते आपल्या आईवडिलांच्या हातून घ्यावे. मंडळातल्या इतरांशी बोलून पाहावे. वह्यांच्या खर्चासाठी माझा वाटा मी मार्चमध्ये पाठवते. त्याची पावती माझ्या नावाने करू नये.

शाळा ५ जानेवारीला उघडेल. दुसऱ्या दिवशी तिन्ही ज्ञानी पुरुष गोठ्यापाशी पोहोचतील, आणि आई, तो दिवस आयर्लंडात बायकांचा नाताळ म्हणूनही पाळतात: घरातले सारे काम त्या दिवशी पुरुषांनी करायचे असते. तुमच्या जावयांनी पिठल्याभाताची तयारी दाखवली आहे. आत्यांना नमस्कार, चि. मुलांना आशीर्वाद. आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे.

आपली,
कन्या