वठलेली झाडंही मोजा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला फिनलंडच्या जंगलांवरचा लेख वाचला. देशाचा तीन-चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे आणि तोडीनंतर तिथे पुन्हा जंगल उभं करणं मालकावर बंधनकारक आहे, हे खरंच आहे. पण त्यावरून ‘तिथे जंगलाची चिंता नाही’ असं म्हणणं मला पटलं नाही. मी सहा वर्षं पूर्व फिनलंडमधल्या कुहमो भागात वनसंवर्धनाचं संशोधन करते आहे.

एप्रिलमध्ये बर्फ उतरू लागला की आमचं काम गुडघ्यांवर चालतं. मोठ्या स्प्रूस आणि अ‍ॅस्पेनच्या बुंध्याशी ओणवं होऊन उडत्या खारीच्या लेंड्या शोधायच्या. पिवळसर, तांदळाच्या दाण्याएवढ्या. खार निशाचर, सहा वर्षांत मला ती दोनदाच दिसली, तीही शेपटीकडून. तिचं बिऱ्हाड बहुधा सुतारपक्ष्याने सोडलेल्या अ‍ॅस्पेनच्या ढोलीत असतं. त्या ढोलीला कायद्याचं संरक्षण आहे. पण भोवतालचं जंगल साफ करून ढोलीचं झाड तेवढं राखलं, तर झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या प्राण्याने जायचं कुठे?

एक वयस्क वनमालक मला स्पष्टच म्हणाले, ‘‘तुला लेंडी सापडू नये म्हणून मी प्रार्थना करतो.’’ राग नाही आला. लेंडी सापडली की तोडीवर बंधन येऊ शकतं, आणि त्यांच्या म्हातारपणाची पुंजी त्या लाकडातच होती.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही ते म्हणजे मेलेलं लाकूड. फिनलंडच्या जंगलातल्या सुमारे २० ते २५ टक्के प्रजाती त्याच्या आधाराने जगतात: भुंगेरे, बुरश्या, शेवाळं. दक्षिण फिनलंडच्या जुन्या नैसर्गिक जंगलात ते हेक्टरी ६० ते १२० घनमीटर असतं. तोडीच्या जंगलात बहुतेकदा दहाच्याही आत. तिथे झाड वठण्याआधीच कापलं जातं. राखाडी पडलेला, सालही न उरलेला उभा वठलेला पाइन इथे ‘केलो’ म्हणून ओळखला जातो. तो तयार व्हायला काही शतकं लागतात. रोपं लावून तो मिळत नाही.

पुढच्या वेळी लागवडीच्या आकड्याशेजारी हेक्टरी वठलेल्या लाकडाचा आकडाही छापावा, ही विनंती. आणि फोटो शक्यतो हेलिकॉप्टरमधून काढलेला नको.

– एक वाचक, कुहमो (फिनलंड)